एबोशीची भट्टी आणि ‘मोनोनोके’चा शेवट

‘प्रिन्सेस मोनोनोके’ या जपानी ॲनिमेशनपटाच्या शेवटी शिशीगामीचं, म्हणजे वनदेवाचं, लोखंडाच्या भट्टीचं गाव चालवणाऱ्या एबोशीनं उडवलेलं मुंडकं त्याला परत मिळतं. तो कोसळतो आणि उजाड डोंगर पुन्हा हिरवा होतो. तरीही, माणसांना माफ करणं मला जमणार नाही, असं रानात लांडग्यांनी वाढवलेली सान सांगते. तिच्यावर जीव असलेला तरुण अशिताका भट्टीच्या गावात राहणार आणि तिला भेटायला जात जाणार, एवढंच ठरतं. रान आणि भट्टीचं भांडण मिटलं का? माझ्या मते नाही. का मिटत नाही, हे कळायला लोखंडापर्यंत जावं लागतं.

हायाओ मियाझाकींनी १९९७ च्या या चित्रपटाची गोष्ट जपानच्या मुरोमाची काळात घडवली. तातारा ही तिथली लोखंड गाळायची जुनी भट्टी. लोहाची वाळू धुऊन काढायची, मातीच्या भट्टीत लाकडी कोळसा आणि वाळू थरावर थर टाकायची, भाता तीन-तीन दिवस थांबू द्यायचा नाही. चित्रपटात तो भाता बायाच पायांनी चालवतात. कोळशापायी डोंगर बोडके व्हायचे, वाळूच्या धुण्यानं नद्या गढूळ व्हायच्या.

विदर्भाला हे नवं नाही. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला महापाषाणकाळातली लोखंड गाळायची भट्टी उत्खननात सापडली आहे. आज गडचिरोलीतल्या सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघतं, आणि माडिया लोकांचा ठाकूरदेव त्याच डोंगरावर आहे. एटापल्लीकडच्या माणसाला शिशीगामी वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

पण एबोशीला खलनायिका ठरवणंही आपल्याला जड जावं. विकल्या गेलेल्या बायांना तिनं सोडवून आणलं, कुष्ठरोग्यांच्या जखमा स्वतःच्या हातानं धुतल्या, त्यांना काम दिलं. वरोऱ्याजवळ १९४९ साली बाबा आमट्यांनी आनंदवन सुरू केलं. ते ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला या प्रसंगाचं मोल लगेच कळतं. तिची भट्टी विझवा म्हणणं म्हणजे या माणसांना पुन्हा रस्त्यावर आणणं.

मियाझाकींचा आधीचा शेवट असा नव्हता. १९८४ च्या ‘नौसिका’ चित्रपटात मेलेली नायिका चमत्कारानं उठते आणि सारं शांत होतं. त्याच कथेची त्यांची चित्रमालिका मात्र १९८२ पासून १९९४ पर्यंत चालली आणि कितीतरी अवघड जागी जाऊन संपली. ‘मोनोनोके’ त्यानंतरचा आहे.

म्हणून इथे डोंगर हिरवा झाला तरी सान म्हणते, हे शिशीगामीचं रान राहिलं नाही. एबोशी नव्यानं चांगलं गाव उभारू म्हणते. त्या गावाचं पोट लोखंडावरच चालणार, आणि कोळसा याच डोंगरावरून येणार.