मावशी, पेंद्या आणि ‘चावट’ या शब्दाचा घोळ

चावट विडंबनपटात नेमकं कोणाला हसायचं, हा वाद कोल्हापुरात निघाला की गाडी लगेच १९७१ वर, दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’वर येते. लोंबती नाडी, ढगळ अर्धी विजार, भोळसट चेहरा असा नायक त्या साली पडद्यावर आला आणि तिथपासून त्याच्या ओळीने नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले. 

या विनोदाचं मूळ तमाशाच्या गवळणीत आहे. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, वाट अडवणारा कृष्ण आणि गौळणींची म्होरकी मावशी. ही मावशी म्हणजे पुरुषच: नऊवारीचा पदर खोचलेला, कमरेवर हात, आवाज मुद्दाम नाटकी. पलीकडे पेंद्या, लंगडा आणि बोबडा. हशा सुरू होतो त्याच्या बोबड्या बोलावर, पण फिरून येऊन पडतो देवावर. वगात, म्हणजे तमाशातल्या नाट्यातही, येडं ठरतो तो राजा नाहीतर कोतवाल. हे बोलणारे कलावंत मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी समाजांतले. जत्रेत पाटलाच्या तोंडावर पाटलाची टर उडवायची मुभा त्यांना फक्त बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या रंगमंचावर होती.

तमाशा सिनेमात आला तेव्हा सोंगाड्या, म्हणजे तमाशातला विनोदी नट आला, लावणी आली. १९७५ च्या ‘पांडू हवालदार’मध्ये हवालदाराचीही टर उडाली, हे कबूल. पण नाचणारीचं काम बहुतेक वेळा पाटलाला नादी लावण्यापुरतं उरलं, आणि मावशीचा झाला नुसता बायकी पुरुष. तोतरा, जाडा, काळा हे तर पटकथेतले तयार हशे. वरच्याला चिमटा काढणारी जीभ शेजाऱ्याला चावायला लागली.

याच्यावर भांडण व्हायला हवं होतं. झालं ते एका शब्दावर: हे चावट की अश्लील? चावटपणाचं समर्थन ठरलेलं असतं. वाक्य सोवळं आहे, घाण ऐकणाऱ्याच्या डोक्यात. हा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. कागदावर ‘जरा वर घे की’ यात काय आहे? सगळं असतं ते थांबण्यात, भुवईत. पण बोर्डावरची बतावणी, म्हणजे विनोदी सवालजवाब, रोज बदलते, समोरचा प्रेक्षक उलट ओरडतो, सोंगाड्या त्याला तिथंच उत्तर देतो. रिळावर तीच ओळ गोठते आणि तिला कोणी उत्तर देऊ शकत नाही. चावटपणा सिनेमात शिळा होतो, तो या कारणाने. शब्द तेच राहतात.

सिनेमाला दाखला देणाऱ्या सेन्सॉर बोर्डानेही शब्दच मोजले. १९८३ पर्यंत सर्वांसाठी आणि प्रौढांसाठी अशा दोनच मुख्य चौकटी होत्या. मग मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायचा ‘यूए’ आला. १९९१ च्या मार्गदर्शक सूचनांत द्व्यर्थी शब्दांना मनाई आहे. त्याच यादीत अपंगांची टवाळी आणि स्त्रियांची मानहानी यांचीही कलमं आहेत. आरडाओरड मात्र झाली ती द्व्यर्थी शब्दांच्याच कलमावर. तोतऱ्याची नक्कल सुखरूप सुटायची.

२०१० साली कागलच्या आनंद यादवांच्या कादंबरीवरचा ‘नटरंग’ हा चित्रपट आला. त्यात पहिलवानकी करणारा गडी तमाशाच्या फडासाठी नाच्या, म्हणजे बायकी सोंग घेणारा नाचा होतो. ज्या बायकी चालीवर थेटरं हसत आली, तिची किंमत तालमीच्या या मुलखाला त्यात मोजून दाखवली गेली. २०१४ मध्ये तृतीयपंथीयांना कायद्याने ओळख मिळाली, २०१८ मध्ये समलैंगिकता गुन्हा राहिली नाही. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने अपंगांना खाली पाडणारा विनोद आणि अपंगत्वाबद्दलच्या रूढ समजुतींना धक्का देणारा विनोद यांत रेघ ओढली. गवळणीतला पेंद्या, माझ्या मते, रेघेच्या दुसऱ्या बाजूचा. सिनेमातला तोतरा क्वचितच.

दरम्यान ‘यूए’चेही ७, १३ आणि १६ वर्षांचे तुकडे झाले. मावशी कितव्या वर्षी बघायची, ते आता दाखल्यावर छापून येतं.