प्रोमायलोसाइटी ल्युकेमिया, तीव्र

रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार. अस्थिमज्जेत न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी तयार होताना मधला एक टप्पा प्रोमायलोसाइटचा असतो. या रोगात पेशी त्या टप्प्यावरच अडकतात व त्यांची गर्दी होते. रक्त गोठण्याची क्रियाही बिघडते. उपचाराला उशीर झाल्यास रक्तस्रावाने मृत्यू ओढवतो.

स्वतंत्र रोग म्हणून पहिल्या वर्णनाचा मान सहसा नॉर्वेचे लाइफ हिलेस्टाड यांना (१९५७, तीन रुग्ण) दिला जातो. अधिक भरीव रोगचित्र मात्र १९५९ मध्ये झां बर्नार यांच्या फ्रेंच गटाने मांडले.

१९७७ मध्ये जॅनेट रोली व सहकाऱ्यांनी १५ व १७ या गुणसूत्रांमधील तुकड्यांची अदलाबदल दाखवली. तीत १५ वरील पीएमएल व १७ वरील रारा ही जनुके जोडली जातात. रारा हे रेटिनॉइक आम्लाचे, म्हणजे अ जीवनसत्त्वापासून शरीरात बनणाऱ्या द्रव्याचे, ग्राही प्रथिन. ते डीएनएवर बसलेले असते. आम्ल नसताना ते दमनकारी प्रथिने धरून ठेवते व पक्वतेची जनुके बंद राहतात. आम्ल मिळताच पकड सुटते. पीएमएल-रारा हे जोडप्रथिन मात्र शरीरातील नेहमीच्या प्रमाणाला दाद देत नाही.

रेटिनॉइक आम्लच औषध म्हणून मोठ्या मात्रेत दिल्यास ही पकड सुटते. शांघायमध्ये वांग झेन्यी यांच्या गटाने १९८८ मध्ये २४ रुग्णांचे असे निष्कर्ष प्रसिद्ध केले; सर्वांत रोग मागे हटला, एकाला मात्र जोडीला केमोथेरपीचे औषध द्यावे लागले. पेशी मारण्याऐवजी त्या पक्व करण्याचे हे उदाहरण म्हणून सांगितले जाते. मात्र पक्वतेनेच रोग बरा होतो का, यावर मतभेद आहेत. उंदरांवरील प्रयोगांत कमी मात्रेने पेशी पक्व झाल्या, पण रोग पुन्हा उभा करणाऱ्या पेशी टिकल्या. मात्रा वाढवल्यावर जोडप्रथिन नष्ट होऊन त्याही गेल्या. त्यामुळे प्रथिनाचा नाश हेच रोगमुक्तीचे मुख्य कारण, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सोमल (आर्सेनिक ट्रायऑक्साइड) पीएमएलच्या बाजूला चिकटून त्याच नाशाला चालना देतो, ही गोष्टही त्याला दुजोरा देते. सोमलाचा वापर १९७० च्या दशकात चीनमधील हार्बिन येथे सुरू झाला. कमी व मध्यम जोखमीच्या रुग्णांत ही दोनच औषधे केमोथेरपीविना पुरतात, असे २०१३ मधील इटली व जर्मनीतील चाचणीत दिसले.

क्वचित रारा ११ व्या गुणसूत्रावरील पीएलझेडएफ या जनुकाशी जोडले जाते; तेव्हा रेटिनॉइक आम्लाचा फारसा उपयोग होत नाही.