रिच ब्लॅक वेगळा, ट्रॅपिंग वेगळं

"काळ्याखाली दुसरे रंग घातले म्हणजे ट्रॅपिंग झालंच की!" जत्रेतल्या नाटकाचं पोस्टर छापायला घेऊन आलेला पोरगा परवा मला म्हणाला. नाही झालं. काळ्याखाली दुसरे रंग घालणं म्हणजे रिच ब्लॅक; ट्रॅपिंग म्हणजे शेजारचे दोन रंग कडेला एकमेकांत जरासे सरकवणं. दोन्हींत काळ्याखाली दुसरी शाई सापडते, म्हणून घोटाळा होतो.

रिच ब्लॅक लागतो तो गडदपणासाठी. नुसती १०० टक्के काळी शाई मोठ्या पट्ट्यावर विटलेली, राखाडी दिसते. तिच्याखाली सायन (निळा) ६०, मॅजेंटा (गुलाबी) ४०, यलो (पिवळा) ४० टक्के दिलं की काजळासारखा दाट काळा उतरतो. काळ्यासकट बेरीज २४० टक्के. चांगला आर्ट पेपर तेवढी शाई सहज पेलतो. हौसेने चारही रंग शंभर-शंभर करणारे ४०० वर जातात. मग शाई लवकर सुकत नाही, वर पडलेल्या कागदाच्या पाठीला लागते.

ट्रॅपिंगचा गडदपणाशी संबंध नाही. प्रत्येक रंगाची एक, अशा छपाईच्या चार प्लेटा एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत, त्यावरचा तो उपाय. त्यात आपला गोव्याचा पावसाळा. उघडं राहिलेलं रीम ओल धरतं, कागद फुगतो. दोन रंगी मशीनवर तोच कागद दोनदा फिरवायचा असेल तर विचारूच नका! निळ्यातल्या पिवळ्या समईभोवती पांढरी फट उघडी पडते. म्हणून पिवळा निळ्यात केसभर सरकवून ठेवायचा: साधारण पाव पॉइंट, म्हणजे ०.०९ मिलिमीटर. सरकवायचा तो फिकट रंग, कारण आकार डोळ्याला गडद रंगाच्या कडेवरून कळतो. रंगावरच्या बारीक काळ्या अक्षरांना एवढाही खटाटोप नको. नुसता काळा थेट वर छापायचा, ओव्हरप्रिंट.

खरी गंमत दोन्ही एकत्र येतात तेव्हा. त्या पोराने रिच ब्लॅकच्या पट्ट्यावर पांढरी अक्षरं काढली होती. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, ठीक होतं. पण छापताना सायन जरा हलला तर वेलांटीच्या कडेला निळी झाक येते, अनुस्वाराचं टिंब बुजतं. इथे खालचे तिन्ही रंग अक्षराच्या कडेपासून थोडे मागे घ्यावे लागतात, म्हणजे कडेला एकटा काळा उरतो.

नाटकाचं मोठं नाव मी तसंच सोडवलं. कलाकारांची नावं आठ पॉइंटमध्ये, म्हणजे फारच बारीक होती. त्यांच्यामागचा पट्टा सरळ साधा काळा केला.

"थोडा फिका दिसतोय," पोरगा म्हणाला.

"दिसू दे. नावं वाचता येतील."