ससून डॉकवर निखळलेला खांदा आणि माउझर पिस्तूल

ऑक्टोबर 1896. मुंबईच्या ससून डॉकला होडी लागली तेव्हा लाटेवर ती चांगलीच हेलकावत होती. एका तरुण घोडदळ अधिकाऱ्याने धक्क्याच्या भिंतीतली लोखंडी कडी धरली आणि नेमकी तेव्हाच होडी खाली गेली. उजवा खांदा निखळला. विन्स्टन चर्चिलला तो खांदा जन्मभर दगा देत राहिला. तलवार चालवायची तर खांदा धड हवा. त्यामुळे 2 सप्टेंबर 1898 रोजी सुदानमध्ये, ओमदुर्मानच्या लढाईत, 21व्या लान्सर्स या ब्रिटिश घोडदळ पलटणीबरोबर चाल करून जाताना त्याने तलवार म्यान केली आणि माउझर सी-96 उपसले.

हे पिस्तूल तेव्हा अगदी नवे होते. जर्मनीत ओबर्नडॉर्फच्या कारखान्यात फीडरले बंधूंनी ते घडवले होते. मूठ झाडूच्या दांड्यासारखी, चापाच्या पुढे दहा काडतुसांची पेटी. रिव्हॉल्व्हरचे चक्र माणसाच्या बोटाच्या जोरावर फिरते. इथे पुढचे काडतूस भरायचे काम मागच्या गोळीचा धक्काच करतो.

गोळी पुढे सुटते तशी नळी आणि बोल्ट (काडतुसाला मागून टेकणारा सरकता अडसर), एकमेकांत अडकलेलेच, मागे सरकतात. ही काही मिलिमीटरांची सोबत फार मोलाची. 14 सेंटिमीटरच्या नळीतून बाहेर पडायला गोळीला सेकंदाचा हजारावा भागही पुरतो, पण तेवढ्यात बोल्ट उघडला तर पितळी पुंगळी फाटून तापलेला वायू थेट नेमबाजाच्या तोंडावर यायचा. दाब उतरल्यावर खालची खिटी सुटते. नळी थांबते, बोल्ट एकटाच मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर भिरकावतो, घोडा चढवतो (घोडेस्वाराच्या हातातला हा दुसरा घोडा!) आणि स्प्रिंगने परत येताना नवे काडतूस ढकलत आणतो.

मग हे आधी का जमले नाही? जुनी काळी दारू जळाली की तिचा निम्म्याच्या आसपास भाग घनरूपात मागे उरायचा. इतक्या नाजूक यंत्रात ती काजळी म्हणजे घड्याळात चिखल. 1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलने धूरविरहित दारू बनवली आणि वाट मोकळी झाली.

माउझरवर नेम धरण्यासाठी 1000 मीटरपर्यंतच्या अंतराच्या खुणा कोरलेल्या असत; तो मात्र निव्वळ आशावाद. पहिल्या महायुद्धात पिस्तुले कमी पडू लागली तेव्हा जर्मन सैन्याने हीच मागवली, पण नेहमीच्या 7.63 ऐवजी 9 मिलिमीटरच्या काडतुसासाठी. दिसायला दोन्ही सारखीच. खंदकात चुकीचे काडतूस भरले जाऊ नये म्हणून लाकडी मुठीवर मोठा 9 कोरून त्यात लाल रंग भरला गेला.