तापल्यावरच बंद पडणारं लॉन मोवर

मे महिन्यात सोलापूरचा पारा 40 च्या वर गेला, की गवत कापायच्या, बसून चालवायच्या जुन्या लॉन मोवरची एक तक्रार हमखास येते. सकाळी पहिल्या फटक्यात चालू होतं, अर्ध्या तासात दम टाकतं आणि सावलीत उभं केलं की पुन्हा चालतं. मेकॅनिक येईपर्यंत मशीन गार झालेलं असतं. मग कार्बोरेटर साफ होतो, प्लग बदलला जातो, दुखणं मात्र तसंच राहतं. असं मशीन तापलेलं असतानाच तपासायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आधी एवढंच बघा: इंजिन बंद पडतंय, की इंजिन चालू असून गाडी ओढत नाही?

इंजिन बंद पडत असेल तर पेट्रोल टाकीचं झाकण सैल करा. झाकणातलं हवेचं भोक काळ्या मातीच्या धुळीनं बुजलं, की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. सैल करताच गाडी सुरळीत चालली, तर दोष तिथंच आहे.

नाहीतर इग्निशन कॉइलकडे, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांकडे वळा. फ्लायव्हीलवरचा (इंजिनाच्या फिरत्या जड चाकावरचा) लोहचुंबक कॉइलजवळून फिरतो, तेव्हा तिच्या जाड तारेच्या वेटोळ्यात वीज वाहते. नेमक्या क्षणी ती तोडली, की चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत दहा हजार व्होल्टच्याही वर दाब तयार होतो. तापल्यावर इथंच घात होतो. तांब्याच्या तारेचा विजेला होणारा रोध दर अंश सेल्सिअसला साधारण 0.4 टक्के वाढतो. म्हणजे कॉइल 80 अंशांनी तापली, तर रोध जवळजवळ एक तृतीयांशानं जास्त. त्यात जुन्या तारेला केसाएवढी चीर असेल, तर प्रसरणानं ती उघडते आणि गार झाल्यावर पुन्हा जुळते.

प्लग बाहेर काढून ‘करंट येतोय’ म्हणणं फसवं असतं. सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी उडायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. म्हणून इंजिन बंद पडल्या पडल्या, रुंद फट असलेल्या स्पार्क टेस्टरवर ठिणगी उडते का बघा. कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यातलं अंतर बऱ्याच इंजिनांत 0.25 ते 0.35 मिमी असतं, साधारण एका व्हिजिटिंग कार्डाएवढं. गंज खरवडून तेही नीट लावा.

कॉइलला जोडलेली बारीक वायर सीटखालच्या स्विचकडे जाते. ती तात्पुरती सोडवल्यावर ठिणगी आली, तर कॉइल ठीक आहे, स्विच किंवा वायरिंग खराब आहे. मात्र वायर सुटलेली असताना चावीनं इंजिन बंद होत नाही. पातं आधी बंद ठेवा आणि तपासून झालं की वायर परत जोडाच. माणूस सीटवरून पडला तर पातं थांबवणारी हीच वायर आहे.

इंजिन चालू राहून गाडीच ओढत नसेल, तर पहिल्यांदा पट्टा बघा. चकाकी आलेला पट्टा घसरतो. पट्टा ठीक असेल आणि गाडी हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारी असेल, तर तेलाचा विचार करा. पेडल दाबल्यावर पंपातली चकती तिरकी होते, पिस्टन तेल ढकलतात आणि ते तेल चाकांकडची मोटर फिरवतं. 40 अंशांना असलेलं तेल 100 अंशांना सात-आठ पट पातळ होतं. पंपातल्या भागांमधल्या फटीतून होणारी तेलाची गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. झिजून फट दुप्पट झाली तर गळती आठपट. गार असताना जाड तेल ही झीज झाकतं, तापल्यावर चढावर गाडी जागेवर उभी राहते.

खर्चात पडण्याआधी ट्रान्समिशनवरचा (हाच पंप-मोटरचा डबा) छोटा पंखा आणि त्याखालची वाळकी गवत-धूळ बघा. तिथला थर काढून टाकल्यानंही तेल बरंच गार राहतं. तेल बदललंत तर मागची चाकं जमिनीपासून उचलून, बायपास लिव्हर (पंप आणि चाकांची जोडणी सोडवणारा दांडा) उघडा ठेवून पेडल हळूहळू पुढे-मागे दाबा. मग लिव्हर बंद करून तेच पुन्हा करा आणि तेलाची पातळी तपासा. आत हवा राहिली, तर नवं तेल घालूनही गाडी कण्हत चालते.