‘इव्हँजेलिकल’ म्हणजे नेमके कोण?

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की ‘इव्हँजेलिकल मतदार’ हे शब्द आपल्या वर्तमानपत्रांतही झळकतात. वाचणाऱ्याला ती एक व्होट बँक वाटते. हा समज चुकीचा नाही, पण तो फार अलीकडचा आहे.

या शब्दाचे मूळ ‘सुवार्ता’ या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. जर्मनीत आजही ‘इव्हांगेलिश’ म्हणजे सर्वसाधारण प्रोटेस्टंट. अठराव्या शतकात जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड यांच्या प्रवचनांनी इंग्लंड-अमेरिकेत जागृतीची लाट आली आणि शब्दाला नेमका आशय मिळाला: पवित्र शास्त्र प्रमाण, ख्रिस्ताचे वधस्तंभावरचे मरण केंद्रस्थानी, प्रत्येकाचा नवा जन्म (म्हणजे श्रद्धेने आतून होणारा पालट) आणि सुवार्ता सांगण्याची तळमळ. याच तळमळीने गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत आले. त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले आणि पुढे अहमदनगर भागात रुजले. राजकीय बाजू मात्र तेव्हाही एक नव्हती. ब्रिटनमध्ये इव्हँजेलिकल खासदार विल्यम विल्बरफोर्स गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढले, तर अमेरिकेच्या दक्षिणेत त्याच श्रद्धेचे पाळक गुलामगिरीचे समर्थन करत होते.

विसाव्या शतकात दुसरे एक नाव पुढे आले. १९१० ते १९१५ या काळात ‘द फंडामेंटल्स’ ही बारा पुस्तिकांची मालिका निघाली. खर्च तेल व्यवसायातल्या स्टुअर्ट बंधूंनी उचलला. बायबलकडे इतर जुन्या ग्रंथांसारखे पाहणाऱ्या आधुनिक बायबल-चिकित्सेला उत्तर देणे हा तिचा हेतू होता. कर्टिस ली लॉज या बॅप्टिस्ट संपादकाने १९२० मध्ये या मूलतत्त्वांसाठी झुंजायला तयार असलेल्यांना ‘फंडामेंटलिस्ट’ म्हटले. तो गौरव होता, शिवी नव्हे.

पाच वर्षांत चित्र पालटले. जुलै १९२५ मध्ये टेनेसीतल्या डेटन गावी शिक्षक जॉन स्कोप्स यांच्यावर उत्क्रांतिवाद शिकवल्याचा खटला चालला. उकाड्यामुळे न्यायालय बाहेरच्या हिरवळीवर भरले आणि बचाव पक्षाचे वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी विरुद्ध बाजूच्या, फंडामेंटलिस्टांचे पुढारी असलेल्या विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनाच साक्षीदार म्हणून उभे केले. बायबलमधला योनाला गिळणारा मासा, यहोशवाने थांबवलेला सूर्य, एकामागून एक प्रश्न आले. स्कोप्स यांना शंभर डॉलर दंड झाला, म्हणजे कागदावर ब्रायन यांची बाजू जिंकली. पण देशभरच्या वाचकांच्या मनात ‘फंडामेंटलिस्ट’ म्हणजे अडाणी, हेकट माणूस हे समीकरण बसले. निकालानंतर पाच दिवसांनी ब्रायन वारले.

म्हणून १९४२ मध्ये सेंट लुईस इथे नॅशनल असोसिएशन ऑफ इव्हँजेलिकल्स स्थापन करताना हॅरल्ड ओकेंगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनेच नाव पुन्हा उचलले. श्रद्धा तीच, पण ज्ञानजगताशी आणि समाजाशी बोलायची तयारी. प्रवचनकार बिली ग्रॅहम यांनी १९५७ च्या न्यूयॉर्क सभांत उदारमतवादी चर्चसंस्थांनाही सोबत घेतले, तेव्हा कडव्या मंडळींनी त्यांच्याशी संबंध तोडले. दोन्ही नावांची वाट इथे वेगळी झाली.

१९७६ मध्ये रविवारच्या शाळेत शिकवणारे, स्वतःला नवा जन्म झालेला ख्रिस्ती म्हणवणारे डेमोक्रॅट जिमी कार्टर निवडून आले. न्यूजवीकने त्या वर्षाला इव्हँजेलिकलांचे वर्ष म्हटले. १९७९ मध्ये पाळक जेरी फॉलवेल यांनी मॉरल मेजॉरिटी ही राजकीय संघटना स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी ती कार्टरविरुद्ध रिपब्लिकन रेगन यांच्यामागे उभी राहिली. माझ्या मते शब्दाचा खरा सांधा इथे बदलला.

मतदानोत्तर चाचण्यांनी तो बदल पक्का केला. तिथे मतदाराला फक्त विचारतात, तुम्ही स्वतःला इव्हँजेलिकल किंवा नवा जन्म झालेले ख्रिस्ती म्हणवता का? चर्चला जाता का, काय मानता, हे त्या प्रश्नात येत नाही. कितीतरी कृष्णवर्णीय प्रोटेस्टंटांची श्रद्धा तीच असूनही मथळ्यांतून ते गळतात, कारण आकडा गोऱ्यांचा वेगळा काढला जातो. २०१६ मध्ये तो आकडा होता: ८१ टक्के ट्रम्प यांच्याकडे.

त्यानंतर काहींनी हे नाव टाकले. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या इव्हँजेलिकल फेलोशिपने २०१७ मध्ये नावात ‘ख्रिश्चन’ आणले. उलट जनमत अभ्यासणाऱ्या प्यू संस्थेच्या पाहणीनुसार, २०१६ ते २०२० दरम्यान हे नाव सोडणाऱ्या गोऱ्या अमेरिकनांपेक्षा नव्याने लावणारे जास्त होते, आणि ट्रम्प यांच्याविषयी आपुलकी असणाऱ्यांत ते ठळकपणे दिसले.