पंचगंगेचा महापूर

पंचगंगेचा महापूर : पंचगंगा नदी पात्र सोडून कोल्हापूर शहराच्या सखल भागांत आणि जिल्ह्यातील नदीकाठच्या गावांत व शेतांत शिरते ती आपत्ती. २००५, २०१९ आणि २०२१ हे अलीकडचे मोठे महापूर. हवामान, आरोग्य आणि अर्थकारण यांवरची जागतिक चर्चा वेगवेगळ्या दालनांत चालते. इथे ही तिन्ही संकटे एकाच पाण्याबरोबर उंबरा ओलांडतात.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. पुराचे पाणी कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. ‘पाणी किती फुटांवर?’ हा पावसाळ्यात इथला पहिला प्रश्न असतो. २०१९ आणि २०२१ मध्ये उत्तर ५५ फुटांच्या वर गेले होते. पाणी चढू लागले की शहरात सुतारवाडा आधी हलतो, गावांत चिखली आणि आंबेवाडी.

गगनबावडा-राधानगरीकडचा सह्याद्रीचा पाऊस काही तासांत सपाटीवर उतरतो आणि तिथे नदी संथ, वळणावळणाची होते. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे थोड्या दिवसांत कोसळणाऱ्या पावसाचा धोका वाढतो. त्याच सुमारास धरणे भरत आलेली असतात. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात आणि प्रत्येकातून १,४२८ क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) पाणी सुटते. खाली कृष्णा तुंबलेली असली की पंचगंगेला फुगवटा येतो. कृष्णेवरच्या कर्नाटकातील अलमट्टी धरणावरून त्या राज्याशी होणारा वाद दर पावसाळ्यात नव्याने पेटतो. मात्र निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीलगतच्या बांधकाम-निषिद्ध पट्ट्याच्या, आत उभ्या राहिलेल्या इमारती आणि महामार्ग-पुलांचे भराव यांचे खापर शेजारच्या राज्यावर फोडता येत नाही.

महापुरातली सर्वांत चमत्कारिक टंचाई पिण्याच्या पाण्याची. २०१९ आणि २०२१ मध्ये शिंगणापूर, बालिंगा येथील उपसा केंद्रे बुडाली, नळ कोरडे पडले आणि चहूबाजूंनी पाणी असलेल्या शहरात टँकरपुढे घागरींची रांग लागली. खरा आजार पाणी ओसरल्यावर सुरू होतो : गाळ, मेलेली जनावरे, विहिरींत मिसळलेले सांडपाणी. गॅस्ट्रो, कावीळ आणि उंदीर-जनावरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस यांची धास्ती असते. पूर नसतानाही नदीची प्रकृती बरी नसते. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली होती.

ऊस पाण्याला दाद देत नाही, असा पूर्वी भरवसा असे. शेंडा वर राहिला तर तो खरा. शेंडा बुडाला की पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत) गाळ बसतो आणि ऊस उभ्याउभ्या कुजतो. पीककर्ज मात्र कुजत नाही. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आले की दूध, भाजीपाला, इंधन सगळेच अडते. म्हशी सोडून घर सोडायचे नाही, हा नदीकाठचा हट्ट बचावपथकांना बुचकळ्यात टाकतो. ज्याचा संसार दुधाच्या बिलावर चालतो त्याला तो हट्ट वाटत नाही.

पुराशी इथला संबंध केवळ भीतीचा नाही. नृसिंहवाडीत वाढते पाणी दत्ताच्या पादुकांवरून वाहून दक्षिण दाराने बाहेर पडते, तेव्हा भाविक ‘दक्षिणद्वार’ सोहळ्याच्या स्नानाला गर्दी करतात. महापुरात मात्र मंदिरच पाण्याखाली जाते.

२०१९ चा पूर ऑगस्टमध्ये आला आणि २ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत तेव्हा मूर्तींचा हंगाम भरात होता. आता अनेक मूर्तिकार पावसाचा जोर वाढताच रंग न दिलेले गणपती उंचावरच्या जागी हलवतात.